कांद्याच्या मशीनचं इन्स्पेक्शन

आमच्या सुभेदारांना, म्हणजे माझ्या मालकांना, पलटण सोडून बरीच वर्षं झाली. पण इन्स्पेक्शन हा शब्द कानावर पडला की त्यांची पाठ अजून ताठ होते. नाव लालासाहेब, पण मी सुद्धा त्यांना सुभेदारच म्हणते. लोणंदला आमची कांद्याची वखार आहे. ती चालवते मी, आणि सल्ला देतात ते.

त्या वखारीत एक मशीन आहे. कांदा लहानमोठा निवडून वेगळा करणारं. बाजारात तशी मशीनं पुष्कळ आली, पण त्यांत कांदा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर आपटायचा. वरून दिसायला छान, आतून मुका मार. पंधरवड्यात तो सडणार आणि शेजारचे चार घेऊन जाणार. आमच्या मशीनमध्ये तसं होत नाही. कांदा रबराच्या बोटांवरून अलगद उतरतो, तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा.

हे मशीन कीर्तीनं काढलं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या शांतिनाथअण्णांची एकुलती एक लेक. इंजिनिअर होऊन इंग्लंडला गेली आणि बटाट्याची यंत्रं बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीत लागली. तिथं बसून तिनं कांद्याचा विचार केला. पहिल्यांदा मशीन लावायला जागा शोधत लोणंदला आली, तेव्हा व्यापारी हसले होते. जैनाची पोर, घराच्या उंबऱ्याच्या आत कांदा नाही, आणि ही आम्हाला कांदा शिकवणार. मीही विचारलं होतं, "कांदा खाल्लायस का गं कवा?"

"न्हाई काकू. म्हणून तर नीट बघते. खाणाऱ्याचं सगळं लक्ष भज्याकडं."

मला ती तिथंच आवडली. कोपऱ्यातली जागा मी त्याच दिवशी मोकळी करून दिली.

तीन हंगाम मशीन चाललं आणि मग कीर्तीचा फोन आला. इंग्लंडातल्या इंजिनिअरांची एक संस्था दरवर्षी तिथल्या कंपन्यांच्या उत्तम कामाला बक्षीस देते. कीर्तीचं मशीन शेवटच्या फेरीत पोचलं होतं. आता त्यांची एक परीक्षक स्वतः लोणंदला येऊन बघणार होती. अट एकच, यंत्र गिऱ्हाइकाकडे निदान दोन वर्षं रोजच्या कामात असलं पाहिजे.

"बक्षीस मिळालं काकू, तर कंपनी ही मशीनं सांगलीतच बनवणार हाय. मोठ्या साहेबांनी शब्द दिलाय. कारखाना मी बघायचा," ती म्हणाली. "न्हाई मिळालं तर कांद्याचं काम बंद. मला परत बटाट्याला जुंपणार."

खरी गोष्ट तिनं सांगितली नाही, पण मला ठाऊक होती. आई, चंपाबाई, गेल्यापासून अण्णा त्या घरात एकटे होते. दर फोनला "मी बरा हाय, तू तुझं बघ" म्हणायचे, आणि त्या बऱ्या असण्यानंच पोरीचा जीव तुटायचा. तिला बक्षिसापेक्षा घर हवं होतं.

फोन ठेवताना तिनं बजावलं, "काय बी करू नका. रोज चालतं तसं चालू द्या."

हे मी सुभेदारांना शब्दाला शब्द सांगितलं आणि भावाच्या वास्तुशांतीला खंडाळ्याला गेले. चूक झाली म्हणायची ती एवढीच. सुभेदारांनी सगळ्यातून इन्स्पेक्शन तेवढं ऐकलं.

फौजेत म्हणे एक म्हण आहे, हलेल त्याला सॅल्यूट ठोका, हलणार नाही त्याला रंग मारा. परीक्षक यायच्या दिवशी सकाळी मी परतले, तर मशीन हिरवंगार. फौजी ट्रकचा असतो तसा हिरवा. सांगाडा, नटबोल्ट, बाजूचे पत्रे, इतकंच काय, कंपनीच्या नंबराची पट्टीसुद्धा रंगाखाली गेलेली. गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात नारळ. कांद्याचा ढीगही दोरी लावून चौकोनी केलेला. मशीनवर कामाला असलेल्या बाया धुतलेल्या साड्या नेसून भिंतीला रांगेत उभ्या, हरणाबाई सगळ्यांत पुढे.

"आवं, ह्ये काय करून ठिवलं?"

"पाव्हणी परदेसातनं येतीय. तिला काय कळकट दावायचं?"

बोलायला वेळच मिळाला नाही. गाडी दारात आली होती. कीर्ती उतरली, तिनं मशीन बघितलं आणि होती तिथंच उभी राहिली. तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

परीक्षकबाईंचं नाव हॉलरॉइड. साठीच्या पुढच्या, केस बारीक कापलेले, पायात जाड बूट, खिशात स्वतःची बॅटरी. कीर्तीनं मध्ये बोलायचं नाही असा नियम, म्हणून दुभाषी म्हणून इंग्रजी शिकवणारे धैर्यशील सर होते. बाईंनी हाराला नमस्कार केला, मग मशीनवरून बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. त्या वाकल्या, बॅटरी मारून प्रत्येक बोल्ट बघितला आणि काहीतरी विचारलं.

"हे मशीन इथं कधी आणलं, असं विचारतात," सर म्हणाले.

"तीन सीझन झाले, म्याडम," सुभेदार टाचा जुळवून म्हणाले.

बाईंनी मान हलवली. ती मान पटल्याची नव्हती. सर माझ्याजवळ सरकून हळूच बोलले, "वहिनी, बाईंना शंका आलीय. जुनं मशीन दाखवायचं म्हणून नवीन आणून उभं केलं असावं. नंबरही दिसत नाही. खात्री पटली नाही तर कीर्तीचं नाव आजच कटणार."

आता रंग खरवडून तरी काय होणार होतं? खरवडलेलं मशीन तर आणखीनच चोरीचं दिसलं असतं. कीर्ती ओठ दाबून उभी होती.

मग बाई बायांकडे वळल्या. मशीन कसं आहे? हरणाबाईनं सुभेदारांकडे एक नजर टाकली, छाती भरून घेतली आणि शिकवलेला धडा म्हटला, "फस क्लास म्याडम."

"फस क्लास," दुसरी म्हणाली. "फस क्लास," तिसरी. शाळेत पाढे म्हणतात तसं रांगेच्या टोकापर्यंत गेलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

माझं डोकं फिरलं. माझा राग तसा लोणंदमध्ये माहितीचा आहे, पण त्या दिवशी तो माझ्याही पुढे धावला.

"कसलं डोंबलाचं फर्स्ट क्लास?" मी म्हणाले. "सर, सांगा त्यांना. ऊन तापलं की ह्येचा पट्टा डावीकडं सरकतो. पयल्या वर्सापासनं सरकतोय. हरणाबाई कंबरंनं रेटा देती तवा सरळ चालतो. कांदा जरा सादळला की सालपटांचा लगदा रुळाखाली जाऊन बसतो. त्यो तारंनं वढून काढावा लागतो. गेल्या अवकाळीत आमी दिवसभर त्योच धंदा केला."

सुभेदार मला हातानं गप्प बस म्हणून खुणावत होते. पण माझं बघून बायांची रांग मोडली. धडा कोणी पाठ करून घेतला होता हेच त्या विसरल्या.

"गोल्टी तिसऱ्या खणात अडकती," हरणाबाई म्हणाली. गोल्टी म्हणजे अगदी बारका कांदा. "आन् सालपटं उडून डोळ्यात जात्यात, त्ये सांगा की."

"आवाज तर असला, शेजारणीचं गाऱ्हाणं सुदीक ऐकू येत न्हाई," दुसरी म्हणाली.

"आन् बटन?" बनुबाई पुढे आली. बनुबाई उंचीनं आमच्यात सगळ्यांत लहान. "बंद करायचं लाल बटन कुणाच्या मापानं बसिवलंय? माजा हात पोचत न्हाई. केरसुणीच्या दांड्यानं हाणते मी."

धैर्यशील सरांची तारांबळ उडाली. एकीचं इंग्रजी होतंय तोवर तिघींची मराठी साचायची. पण हॉलरॉइडबाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. त्या भराभर लिहीत होत्या आणि मध्येच हात करून विचारत होत्या, कुठला खण, कुठली बाजू, थंडीतही होतं का. बायाही मशीनला हात लावून दाखवत होत्या. एकीचाही हात चुकीच्या जागी पडला नाही.

लाल बटणाला रंग द्यायची हिंमत मात्र सुभेदारांना झाली नव्हती. फौजेत लाल बटणाला कोणी हात लावत नाही. बाईंनी बॅटरी मारली, तर बटणभर केरसुणीच्या दांड्याचे घाव. त्यांनी मशीन सुरू करायला लावलं, बनुबाईला दांडा आणायला लावला आणि करून दाखवायला सांगितलं. बनुबाईनं असा नेम धरून हाणला की मशीन गपकन थांबलं.

मला बरं वाटायला हवं होतं, पण कीर्तीकडे नजर गेली आणि माझा राग उतरला. तिनं डोळे मिटून घेतले होते. पोरीच्या यंत्राची सगळी उणीदुणी आम्ही तिच्याच परीक्षकासमोर पसरली होती. लग्नाच्या बैठकीत मुलीचे दोष घरच्यांनीच सांगावेत, तसं केलं होतं आम्ही.

शेवटी बाईंनी वही मिटली आणि एकच प्रश्न विचारला. सरांनी तो जपून सांगितला, "बाई म्हणतात, इतका त्रास असेल तर कंपनीला सांगून हे मशीन परत न्यायला लावू का?"

हरणाबाई मशीनच्या पुढे जाऊन उभी राहिली. "नेतीय कुटं? म्हणावं, हात तर लावून बघा."

सरांनी काय सांगितलं कोण जाणे, पण हॉलरॉइडबाई मोठ्यानं हसल्या. जाताना नारळ मागून घेतला आणि कीर्तीशी एक शब्दही न बोलता गाडीत बसल्या. तोही नियमच होता म्हणे.

कीर्ती गाडीत बसायच्या आधी माझ्याजवळ आली. "खरं तेच सांगितलंत काकू," एवढंच म्हणाली. रागावली असती तर मला परवडलं असतं.

निकालाला महिना लागला. त्या महिन्यात मी आणि सुभेदार कामापुरतंच बोललो. त्यांना वाटे, मी घात केला. मला वाटे, त्यांनी. मनातून दोघंही घाबरलो होतो. कीर्तीचे फोन यायचे, पण ती निकालाचं काढायची नाही आणि मला विचारायचा धीर नव्हता.

एके दिवशी दुपारी वखारीत असताना तिचा फोन आला.

"काकू, मिळालं."

मी कांद्याच्या पोत्यावरच बसले. सुभेदार समोरून "काय, काय" करत होते, त्यांना मी हातानंच सांगितलं.

कीर्तीनं परीक्षकांचा अभिप्राय वाचला आणि मला मराठीत सांगितला, तो असा. नव्या यंत्राच्या तक्रारी कोणाला तोंडपाठ नसतात. आणि नकोशा यंत्राच्या तक्रारी कोणी इतक्या हक्कानं करत नाही. ज्या बायकांसाठी हे बनवलं, त्यांनी ते आपलं मानलंय, याहून मोठा पुरावा आम्ही मागत नाही. शिवाय परीक्षकांनी आमच्या वखारीतल्या सगळ्या तक्रारी नीट मांडून कंपनीला पाठवल्या होत्या, पुढची मशीनं बनवताना सुधारून घ्या म्हणून.

"आन् कारखाना?" मी विचारलं.

"सांगलीलाच. आज सही झाली."

"अण्णांना सांगितलंस?"

"न्हाई काकू. फोन हातात घेतला की रडूच येतंय. मला बोलायला जमायचं न्हाई. तुमीच सांगा."

मी विश्रामबागेला फोन लावला. एवढी बोलणारी मी, पण पलीकडे अण्णांचा "हॅलो" ऐकला आणि सुरुवात कुठून करावी कळेना. बक्षिसाचं सांगावं, की कारखान्याचं, की परीक्षकांच्या अभिप्रायाचं? शेवटी त्यातलं काहीच सांगितलं नाही.

"अण्णा, कीर्ती घरी येतीय."

"व्हय?" ते म्हणाले. आवाजात आनंद होता, पण जरा आवरलेला. "बरं झालं. परत कवा जाणार हाय?"

"जाणार न्हाई आता, अण्णा."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्यांना खाली बसावं लागलं असणार. मी फोन कानाला धरून थांबले आणि त्यांनीही ठेवला नाही.