इम्प्रूव्ह्ड म्हणजे काय हो?

हॉस्पिटलातून घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटचा शेवटचा कागद ताईंच्या हातून निघायचा. तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाला लागून, काचेची एक खिडकी. आत संगणक, खडखडणारा प्रिंटर आणि ताई. अकरा वर्षं हेच काम. डॉक्टरांनी फायलीत खरडलेलं वाचायचं, टाइप करायचं, शिक्का मारायचा आणि कागद खिडकीबाहेर सरकवायचा. सगळे त्यांना कागदताई म्हणायचे, आणि त्यात त्यांना वावगं वाटत नसे.

कागदाच्या तळाशी एक ओळ होती: घरी जाताना पेशंटची स्थिती. तिथे इंग्रजीतल्या चार शब्दांपैकी एक निवडायचा. क्युअर्ड, इम्प्रूव्ह्ड, सेम, आणि चौथा, डॉक्टरांचा सल्ला न जुमानता निघून जाणाऱ्यांसाठी. दहातल्या आठ कागदांवर इम्प्रूव्ह्डच पडायचं. नातेवाईक खिडकीत वाकून विचारत, "काय लिहिलंय हो?" मागे रांग ताटकळलेली. ताई मान वर न करता सांगत, "बरे झाले. न्या घरी."

तसंच त्यांनी आक्कांनाही सांगितलं होतं. आक्का म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीची थोरली बहीण. नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या होत्या. भावाने लग्नच केलं नव्हतं. मिस्त्रीच्या हृदयाचा जोर कमी झाला होता, पायांवर सूज, दोन जिने चढला की धाप. आठ दिवस वॉर्डात राहून सूज उतरली आणि तो स्वतःच्या पायाने चालत घरी गेला.

चोविसाव्या दिवशी तो स्ट्रेचरवरून परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का खिडकीशी आल्या. भांडायला आल्या असत्या तर ताईंना सोपं गेलं असतं; खिडकीवर बसणाऱ्याची कातडी जाडच होते. पण आक्कांनी घडी घातलेला जुना कागद उलगडला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, हा शब्द पुन्हा एकदा वाचून दाखवता?"

"इम्प्रूव्ह्ड."

"म्हणजे बरा झाला ना? तुम्हीच म्हणाला होतात."

ताईंनी मान डोलावली.

"तेच मी त्याला म्हटलं. त्या गोळ्यांनी सारखं लघवीला जावं लागायचं, बिचारा कंटाळला होता. म्हटलं, बरा झालायस, कागदावर लिहून दिलंय, आता कशाला त्या गोळ्या? वरचे डॉक्टर आत्ता म्हणतात, गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या." आक्कांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चुकलं असेल. म्हणून विचारायला आले."

"तुमचं नाही चुकलं," ताई म्हणाल्या. मागचा माणूस खाकरला, तेव्हा आक्काच बाजूला झाल्या.

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी डबा उघडलाच नाही. तडक तिसऱ्या मजल्यावर वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. वयाने लहान, बोलायला मोकळी, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

"डॉक्टर, मिस्त्रीला तुम्ही क्युअर्ड का नाही लिहिलं?"

"असं हृदय क्युअर्ड होत नाही, ताई. सांभाळावं लागतं. आला तेव्हापेक्षा जाताना बरा होता, म्हणून इम्प्रूव्ह्ड."

"मी त्यांना बरे झाले म्हणून सांगितलं."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "माझं अक्षर इम्प्रूव्ह झालंय, असं गेल्या महिन्यात कोण म्हणालं?"

"मीच."

"म्हणजे आता सगळं वाचता येतं?"

"छे! पूर्वी काहीच लागत नव्हतं, आता निम्मं लागतं."

"बस्स. तेवढाच अर्थ आहे त्या शब्दाचा. पेशंट कुठून पुढे सरकला ते सांगतो, पोचला असं म्हणत नाही. आणि गोळ्या चालू ठेवा हे मीही त्यांना नीट बजावून सांगायला हवं होतं. तुमच्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नका."

ताईंनी ते ऐकून घेतलं, पण मनातली टोचणी काही गेली नाही. तशाच त्या मिस्त्रीच्या खाटेशी गेल्या. नाकाला नळी, उशाला आक्का.

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "कागदावर आधीपेक्षा बरे असं होतं. मी नुसतंच बरे झाले म्हटलं."

मिस्त्री धाप आवरत म्हणाला, "गोळ्या मी बंद केल्या. माझं डोकं काय गहाण पडलं होतं?"

"तू गप्प," आक्का म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणून बंद केल्यास."

"तुझं मी कधीपासून ऐकायला लागलो?"

दोघांची जुंपली. आपला गुन्हा इथे तिघांत वाटून घेतला जातोय, हे ताईंच्या ध्यानात आलं. हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीत नव्या शब्दाचा शोध सुरू झाला. पहिल्याला त्या म्हणाल्या, "सुधारणा आहे." पेशंटची बायको फसकन हसली. "हा आणि सुधारणार? वीस वर्षं वाट बघतेय!" मग त्यांनी "उतार पडलाय" वापरून पाहिलं. म्हाताऱ्यांना ते पटकन कळायचं. पण एका कॉलेजातल्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. उतार म्हणजे बाबा खालावले, असं ती समजली. "ठीक आहेत" म्हटलं तर एक जावई अडूनच बसला, "नुसते ठीक? मग राहू द्या की अजून चार दिवस." आणि "फरक आहे" म्हटल्यावर एक म्हातारी म्हणाली, "फरक असणारच, पूर्वी केवढा धडधाकट होता!"

शेवटी एका शब्दाचा नाद ताईंनी सोडला. तीन वाक्यं ठरवली: आले होते त्यापेक्षा बरे आहेत. पुरते बरे झालेले नाहीत. डॉक्टर सांगेपर्यंत एकही गोळी बंद करायची नाही. आणि वर विचारायचं, "आता मला सांगा, काय कळलं?"

हे त्यांनी कागदावरही लिहायला घेतलं, तर मुख्य बाबू धावत आले. "छापील फॉर्मवर स्वतःचं काही खरडायचं नाही. उद्या प्रत्येक जण निबंध लिहील." ताईंनी लिहिणं थांबवलं. बोलणं थांबवलं नाही.

अकराव्या दिवशी मिस्त्रीला घरी सोडलं. या वेळी ताई कागद घेऊन स्वतः वॉर्डात गेल्या. शेवटच्या ओळीत पुन्हा इम्प्रूव्ह्डच होतं. तीन वाक्यं सांगून त्यांनी आक्कांना विचारलं, "काय कळलं?"

"गडी उठलाय, पण पळवायचा नाही. गोळ्या मात्र न चुकता चारायच्या."

"मी इथेच बसलोय," मिस्त्री म्हणाला. "माझ्याबद्दल माझ्याशी बोला."

मग ताईंनी त्यालाही विचारलं. त्याने सकाळच्या दोन आणि दुपारची एक, अशा गोळ्या रंगांसकट सांगितल्या. लिफ्टचं काम त्याला पुढे झेपलं नाही. तो एका दुकानात बसून पंप-पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायला लागला. दर महिन्याला तपासायला येतो, सूज अधूनमधून येते, जाते.

खिडकीची रांग मात्र लांबली. एके दिवशी मुख्य बाबू घड्याळ लावून ताईंच्या मागे उभे राहिले. तासाभराने म्हणाले, "पेशंटमागे तीन मिनिटं जास्त जातात तुमची."

"हो," ताई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

बाबू थोडा वेळ ऐकत राहिले. सोमवारपासून ताईंकडचं जुन्या कागदांच्या नकला काढण्याचं काम त्यांनी शेजारच्या खिडकीकडे दिलं. शेजारचीने आठ दिवस अबोला धरला.