पत्रोसने वाचवलेलं पेट्रोल

दोष कार्बोरेटरचा, असं पत्रोसने सकाळपर्यंत सगळ्या किनाऱ्याला सांगून टाकलं होतं.

काल बंदराच्या तोंडाशी, ऐन फुटत्या लाटांत, त्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं आणि मेव्हणा सेलस्टिन दगडांवर फेकला गेला. जीव वाचला, हात मोडला. पत्रोसला ओरखडासुद्धा नाही. मेला मागे इंजिनाला मिठी मारून बसला असणार, असं त्याची बायको ब्रिजित मनात म्हणाली. सेलस्टिन तिचा पाठचा भाऊ.

तिने मासळीची टोपली घरीच ठेवली आणि शिहाब मिस्त्रीला किनाऱ्यावर आणलं. इंजिन होडीवरून उतरवून लाकडी घोडीवर टांगलेलं होतं.

"उघड. सगळ्यांसमोर उघड."

तिथली सगळी इंजिनं घासलेटवरची. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की चावी फिरवून घासलेटवर घ्यायचं, आणि परतताना तोंडाच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. लाटांत वेग कमीजास्त करावा लागतो, तेव्हा घासलेट नीट जळत नाही, इंजिन गुदमरतं. शिवाय पेट्रोलवर बंद केलं की कार्बोरेटर आतून धुऊन निघतो. हे तिथे शेंबडं पोरही सांगेल.

शिहाबने कार्बोरेटरची वाटी काढली. तळाशी काकवीसारखा चिकट थर होता.

"चेची, हे बघा," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो ब्रिजितला म्हणाला. "वाटी भरली की हा फ्लोट वर येऊन तेल अडवतो. मग या बारीक भोकातून तेल ओढलं जातं आणि हवेत मिसळतं. इथे भोकच बुजलंय. किती दिवस यात घासलेट साचून राहिलंय देव जाणे."

"मागच्या वेळी तूच धड बसवला नाहीस," पत्रोस म्हणाला. "आणि वर तोंड करून बोलतोयस."

शिहाब पाने पिशवीत टाकू लागला. "धुवायला पेट्रोल द्या, नाहीतर मी चाललो."

"पेट्रोल कुठलं? संपलं."

ब्रिजितने होडीतल्या जाळ्याच्या गठ्ठ्यात हात घातला आणि एक दारूची बाटली काढली. बूच उघडून मिस्त्रीच्या नाकाखाली धरली. पेट्रोल होतं. रोज एवढं वाचवायचं, नाक्यावरच्या स्कूटरवाल्यांना विकायचं आणि संध्याकाळची सोय करायची. हे तिला ठाऊक होतं. पण नवरा पितोय तो स्वतःच्या जिवावर, अशी तिची समजूत होती. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"माझ्या भावाच्या जिवावर पितोस?"

"जाऊ दे, चेची," गळ्यात हात बांधलेला सेलस्टिन म्हणाला. "लाटच मोठी होती. अळियन आहे माझा. चारचौघांत बहिणीच्या नवऱ्याची शोभा कशाला करतेस?"

ती त्याच्यावरच उलटली. "तुला चावी दिसत नव्हती? का तोंड शिवलं होतं? शवपेटीतूनही लाट मोठी होती असंच म्हणाला असतास."

शिहाबने वाटी धुतली, तारेने भोक मोकळं केलं, फुंकून पाहिलं आणि सगळं पुन्हा बसवलं. पाण्याच्या पिंपात इंजिन उभं करून दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला ते सुरू झालं.

पत्रोस हसत पुढे आला. "बघा, मी म्हणत नव्हतो? कार्बोरेटरच होता."

"बंद कर," ब्रिजित शिहाबला म्हणाली. "आणि एका बाजूने धर. माझ्या आईच्या सोन्यावर आलंय हे, माझ्या घरात राहील. याचा हात बरा झाला की हाच चालवेल."

"आणि तोवर मी काय करू?" पत्रोसने विचारलं.

"होडी तुझी आहे. वल्हव."

दोघांनी इंजिन उचललं. वाळूत तिचे पाय रुतत होते. सेलस्टिन बाजूने चालत होता. जरा पुढे गेल्यावर तो हळूच बोलला.

"चेची, मी सांगितलं होतं त्याला. बंदराचं तोंड आलं, पेट्रोलवर घे म्हटलं."

"मग?"

"हसला. म्हणाला, तुझा जीव काय पेट्रोलपेक्षा महाग आहे?"

ब्रिजितने इंजिन खाली ठेवायला लावलं आणि ती मागे फिरली. होडीतलं एक वल्हं तिने उचललं, आणि किनाऱ्यावरच्या कोणीही तिला अडवलं नाही.