चार नंबरची हजेरी

बायको गेल्याचं मला दुपारी दीड वाजता कळलं. मी लिफ्टची दुरुस्ती करतो. तेव्हा चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर बसलो होतो आणि फोन खाली हत्यारांच्या पिशवीत होता. खाली आलो तर हिच्या मैत्रिणीचे, थोरलीचे, नऊ मिस्ड कॉल. मी फोन लावला. ती म्हणाली, "भाऊजी, आधी बसा." मी म्हणालो, "उभाच आहे, सांग." तिने सांगितलं.

थोरली, मास्तरीण आणि हसरी या हिच्या तीन मैत्रिणी. चौघी एका मोठ्या धुलाई कारखान्यात, इस्त्रीच्या एकाच रोलरवर काम करायच्या. तिथे हॉटेलांच्या चादरी यायच्या. एका समुद्रकाठच्या गावातल्या गठ्ठ्यांतून नेहमी वाळू पडायची. बारा महिने उकाडा असलेलं ते गाव. लोक तिथे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला जातात. एक दिवस ही घरी येऊन म्हणाली, "अकरा वर्षं दुसऱ्यांची वाळू झाडली. आता आम्ही आमची लावून घेणार."

"या वयात फळीवर? पलंगावरून उठताना कंबर धरतेस."

"तुम्ही जन्मभर वर-खाली केलंत. मला एकदा आडवं जाऊ द्या."

चौघी गेल्या आणि तिघी परत आल्या.

चार महिने मी त्या तिघींना दारात उभं केलं नाही. पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं की ती दिसत नाही हे कळायला पंधरा मिनिटं लागली. तिघी तिथेच, छातीभर पाण्यात, आणि पंधरा मिनिटं कुणाला पत्ता नाही. हे कसं झालं ते मला हवं होतं. शेवटी मीच थोरलीला फोन केला. म्हणालो, "तुम्ही जशा गेलात तसं मला न्या. तीच बस, तीच जागा, तोच शिकवणारा."

"कशाला भाऊजी, जिवाला त्रास."

"माझ्या जिवाची काळजी करू नका. एकीची केलीत तेवढी पुरे."

तिघींनी रजा काढली. बसमध्ये आठ तास मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मास्तरणीने डबा पुढे केला, मी हात लावला नाही. हसरी माझ्या मागच्या सीटवर होती. पूर्वी ती आली की जिन्यातूनच हसणं ऐकू यायचं. आठ तासांत तिचा आवाज आला नाही. मला वाटलं, बरं झालं.

गावात रस्ताभर फळ्या टेकवलेल्या, स्कूटरला बांधलेल्या, कुंपणावर वाळत घातलेल्या. उघडी, भाजलेली तरुण माणसं ओल्या पायांनी चालत होती. सगळ्यांचं छान चाललं होतं. त्या चौघी उतरल्या होत्या ती खोली मी घेतली, तिघींना शेजारची दिली. चार लोखंडी कॉट होत्या. "तिची कुठली?" विचारलं. थोरलीने खिडकीजवळची दाखवली. मी त्यावर पिशवी ठेवली आणि दार लावून घेतलं.

शिकवणाऱ्याला सगळे लाटवाला म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्र्याच्या शेडमध्ये एका फळीला पॉलिशपेपर मारत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने कागद खाली ठेवला.

"पाण्याकडे कोण बघत होतं?" मी विचारलं.

"मीच. पण एकाचा पाय खडकावर कापला, त्याला पट्टी बांधायला बसलो. म्हणून शिट्टी मारली. शिट्टी झाली की प्रत्येकानं आपला नंबर ओरडायचा, असा माझा नियम आहे. बाकीच्यांना शिकवावा लागतो. या बायका म्हणाल्या, आम्ही रोज हेच करतो."

"मग?"

"एक, दोन, तीन, चार. चारही आले. मी पट्टी बांधत राहिलो. पुढच्या शिट्टीला तीनच आले."

"चार नंबर तिचा होता. आवाज तिचा होता का?"

"वारा होता. बाईचा आवाज होता." त्याने पॉलिशपेपर पुन्हा उचलला. "पोलिसांनी लिहून घेतलं की तोवर जिवंत होत्या."

पोलिसांना कारखाना माहीत नव्हता. मला होता. तिथे पाळी सुटताना मुकादम दारात उभा राहून हजेरी घेतो. मशिनांच्या आवाजात तोंडं दिसत नाहीत, फक्त नंबर ऐकू येतात. एखादी लवकर निघाली असेल तर शेजारची तिचा नंबर ओरडते. ही मला ते हसत सांगायची.

आमच्या कामात असं चालत नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना, वरून कोणी लिफ्ट सुरू करू नये म्हणून, मेन स्विचला प्रत्येक जण आपापलं कुलूप घालतो. चार माणसं उतरली तर चार कुलपं. दुसऱ्याचं कुलूप कोणी काढत नाही, तो सख्खा भाऊ असला तरी. एवढं साधं आहे.

मी तिघींच्या खोलीत गेलो. थोरली ओल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती, हॉटेलच्या, सवयीने. मी दारातच विचारलं, "चार कोण म्हणालं?"

"मी," थोरली म्हणाली. टॉवेल हातातच होता.

"नाही भाऊजी, मी म्हणाले," मास्तरीण म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "लाज नाही वाटत? माणूस गेलं आणि तुमचं अजून तेच? अजून एकमेकींच्या हजेऱ्या लावताय?"

"ओरडू नका," मास्तरीण म्हणाली. "ती आमचीही होती."

"तुमची होती म्हणून पंधरा मिनिटं आठवण आली नाही?"

हसरी कॉटच्या कोपऱ्यात बसली होती. तिने पदर नीट केला. म्हणाली, "मी. ती लाटेच्या पलीकडे असेल असं वाटलं. शिट्टी झाली, तीन झालं, पुढे कोणी बोलेना. तोंडातून निघून गेलं. मी विचारच केला नाही."

खरं तेच होतं. ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"इतकी सवय?" मी म्हणालो. "कुठून लागली एवढी सवय?"

थोरलीने टॉवेल बाजूला ठेवला. "भाऊजी, तुमचा पाय मोडला होता तेव्हा ती चार वाजता घरी यायची. पाळी पाचला सुटते. तीन महिने. पाच वाजता चार नंबर कोण ओरडत होतं, तुम्ही कधी विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती, मला माहीत होतं. प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून मी हिला म्हणालो होतो, "तुझ्या हसरीला सांग, अजून आठवडाभर सांभाळून घे म्हणावं." तिने निरोप दिला असणार. हसरीने सांभाळून घेतलं होतं. रोज पाच वाजता, तीन महिने.

यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "ते वेगळं होतं," आणि बाहेर आलो.

संध्याकाळच्या बसने परत निघालो. मी सगळ्यांच्या पुढे बसलो, त्या शेवटच्या रांगेत. उतरताना हसरीने मागे ठेवलेली माझी पिशवी पुढे केली. मी ती तिच्याकडे न बघता घेतली.

आता सहा आठवडे झाले. राग गेला असं मी म्हणणार नाही, तो रोज सकाळी माझ्याबरोबरच उठतो. पण माणूस चुकीचं धरलं होतं, निदान एकटीला धरलं ते चुकलं. थोरली सांगते की हसरी आता रोलरवर स्वतःचा नंबरही ओरडत नाही. मुकादम जवळ येऊन तिचं तोंड बघून खूण करतो.

निरोप मी पाठवला होता, हे मी तिला सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.