मेंढीत गेलेला आजार

"गेला! आजार मेंढीत गेला!"

भावाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध लोकरीच्या जाड नमद्यावर माझी वहिनी बुरुल, चार दिवसांच्या तापानं फणफणलेली. नुकत्याच कापलेल्या मेंढीचं गरम फुप्फुस झापारकुल मांत्रिक तिच्या पाठीवर थपाथप मारत होता. आमच्या नारीनच्या डोंगराळ मुलखातली ही जुनी रीत. मग त्यानं ते फुप्फुस चिरून सगळ्यांपुढे धरलं. आत पिवळे-काळे गड्डे होते. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"बघा बुरुलच्या छातीतली घाण!" तो गरजला. "सात पिढ्यांची विद्या आहे ही. दवाखान्यातल्या पोरीचं काम नव्हे!"

ती पोरगी म्हणजे मी, गावची नर्स सालकिन, वय वर्षं पंचेचाळीस.

"बाइके, तिला न्यूमोनिया झालाय," मी थोरल्या भावाला, ओरोझला, म्हटलं. दादाला आमच्याकडे बाइके म्हणतात. "मला इंजेक्शनं सुरू करू दे."

"सुई टोचली की आजार माघारी फिरतो, म्हणालेत ते. आणि माणूस किती साधा बघ! मी लठ्ठ मेंढा पुढे केला, तर नको म्हणाले. कळपात फिरून स्वतःच रोडकी मेंढी निवडली."

झापारकुलनं पवित्र राखेच्या पुड्या दिल्या. रश्श्यातून, दिवसातून तीनदा. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. वहिनी उठून बसली, लोणी घातलेला चहा मागू लागली.

"काय गं सालकिन, आता तुझ्या सुया मेंढ्यांना टोच!" शेजारीण म्हणाली. सगळे हसले. खोटं कशाला बोलू, आपलंच चुकलं असेल असं मलाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी वहिनीचे ओठ निळे पडले. अंग गार, पण श्वास मिनिटाला चाळीस. मी उरलेली पुडी तळहातावर उपडी केली. राखेत कुटायची राहिलेली एक गोळी निघाली, मधोमध रेघ असलेली. तसलीच गोळी माझ्या कपाटात आहे. स्टेरॉइड.

"बाइके, नीट ऐक," मी म्हटलं. "आपल्या फुप्फुसात राखण करणाऱ्या पेशी असतात. जंतूंच्या अंगावरची खूण त्यांना जन्मापासून ओळखता येते. खूण पटली की त्या ओरडा करून बाकीच्यांना लढायला बोलावतात. ताप त्या ओरड्यामुळेच येतो. या गोळीनं ओरडा बंद केला. जंतू मात्र तसेच आहेत, वाढतायत."

"म्हणजे लांडगा गोठ्यात, आणि मी कुत्र्याचं तोंड बांधलं?"

"हो. आणि ती मेंढी कशी होती रे?"

"मागं मागं राहणारी. खोकत..." खोकणाऱ्या मेंढीच्या फुप्फुसात गड्डे असतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. असली फुप्फुसं त्यानं आजवर शेकड्यांनी कुत्र्यांना टाकली होती.

मी इंजेक्शन दिलं, तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी काढली. घाटात बर्फ कोसळलं होतं. रस्ता मोकळा व्हायच्या आत वहिनीनं माझ्या मांडीवर प्राण सोडला. मी तिचा हात चोळत राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मातीला झापारकुलही आला, पुढच्या रांगेत उभा राहिला. "ताप उतरवला होता हो बिचाऱ्यानं," बायका कुजबुजल्या. "नर्सनं सुई टोचली, आणि आजार माघारी फिरला."

"सांग ना त्यांना!" मी भावाचा दंड धरला.

"काय सांगू? पुड्या मीच पाजल्या तिला, माझ्या हातानं."

त्यानं मान वर केली नाही. बाहेर पडताना झापारकुलला गावातल्या दोघांनी आपापल्या घरचं आजारी माणूस बघायला यायचं आमंत्रण दिलं.

गावात माझं कुणी ऐकत नाही, म्हणून हे लिहिते आहे. ताप उतरला म्हणजे आजार गेला, असं धरून चालू नका. मिनिटाला श्वास किती ते मोजा. पुडीत काय आहे ते विचारा, आणि देणारा सांगत नसेल तर ती घेऊ नका. विचारल्यानं कुठल्याही देवाचा अपमान होत नाही. न विचारल्यानं माझी वहिनी गेली, सदतीस वर्षांची होती.