सोवळ्यातला ससा

मित्रांनो, मी एक पांढरा ससा आहे. म्हातारा मात्र नाही, आणि आता होईन असंही वाटत नाही. माझ्या गळ्यात लाल कापडाची झालरवाली पट्टी आहे. ती पाहून चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीतल्या मुली "किती गोड!" म्हणतात. याच पट्टीपायी मी मरायला टेकलो आहे. ती माझ्या गळ्यात कशी आली, ते जीव आहे तोवर तुम्हांला सांगून टाकतो.

माझा जन्म यशवंतपूरकडच्या एका प्रयोगशाळेतला, साल एकसष्ट. तिथं औषधं आधी आमच्या कानाच्या शिरेत टोचत आणि मग माणसांना देत. सकाळी नेलेला शेजारी संध्याकाळी पिंजऱ्यात परत येईलच, असं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, खाण्याची तिथं आबाळ नव्हती. पिंजऱ्यांकडे पाहणारा देवाप्पा रोज वाळलेलं गवत भरपूर टाकी, वर मूठभर हिरवी हरळी. दिवसभर आमचं तोंड चालू. आम्हां सशांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. पोटही आमचं जात्यासारखं. वरून घास पडत राहिला तर ते चालतं.

तुमच्या चित्रांच्या पुस्तकात ससा म्हटला की गाजर आलंच. अहो, गाजर हा आमचा पेढा! पेढ्यांवर कुणी जगतं का?

आम्ही आणखी एक गोष्ट खातो. मला सांगायला लाज वाटत नाही, पण तुम्ही नाक मुरडाल. गवत एका फेरीत पचत नाही, म्हणून आमच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या असतात. एक कोरड्या नि गोल, त्या टाकून द्यायच्या. दुसऱ्या मऊ, काळपट, द्राक्षांच्या घोसासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या आम्ही खाली पडूच देत नाही, मान वळवून तिथल्या तिथं तोंडात घेतो. आमची सगळी ताकद त्यांतच असते. गाय रवंथ करते, तिला तुम्ही हात जोडता. आम्हीही एका परीनं तेच करतो, फक्त वाट वेगळी.

त्या प्रयोगशाळेत हयवदनराव काटे-तराजू दुरुस्त करायला होते. एक दिवस आमच्या तुकडीचं काम संपलं. उरलेल्यांचं पुढं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला आणि माझ्या बहिणीला मागून घेतलं, पिशवीत घातलं, आणि पिशवी सायकलला अडकवून घरी आणली.

घर धारवाडकडून येऊन इथं रुजलेल्या माध्व ब्राह्मणांचं, मराठी बोलणारं, सोवळ्याओवळ्याला कडक. तरी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी आम्हांला जागा मिळाली. त्यांची लहानगी मुलगी प्रेमा, तिनं बहिणीचं नाव मल्लिगे ठेवलं, म्हणजे कन्नडात मोगरा. मी झालो मुद्दू, म्हणजे लाडका. देवासाठी दुर्वा खुडून झाल्या की बाकीचं गवत आमचं. मल्लिगे प्रेमाच्या मांडीवर झोपायची. ते दिवस फार सुखाचे होते.

मग एका सकाळी प्रेमानं मल्लिगेला मान वळवताना पाहिलं.

"अम्मा, लवकर ये गं! मल्लिगे शी खातेय!"

तिची आई अनुसूयाबाई सोवळ्यातच धावत आल्या. "अय्यो रामा! आणि तू हिचे पापे घेतेस? तेच हात घेऊन देवघरात शिरतेस?"

"तिला टाकू नको गं, अम्मा. मी शिकवीन तिला."

"टाकते कशाला? मुकं जनावर ते. पोट भरत नसेल म्हणून खात असेल. नुसतं हुल्लू घालून कुणी जनावर पोसतं का?" हुल्लू म्हणजे आमचं गवत.

अनुसूयाबाई वाईट नव्हत्या हो. वाईट असत्या तर आम्हांला टोपलीत घालून बाजारात सोडून आल्या असत्या, आणि कदाचित आम्ही जगलोही असतो. त्यांनी प्रेमाचा जुना लाल परकर फाडला, आत पुठ्ठा घातला आणि आमच्या मानेला रुंद पट्ट्या शिवल्या. तोंड मागे वळूच नये, अशा बेतानं. वर हौसेनं झालर लावली. गवत बंद झालं. त्याच्या जागी आला हयग्रीव.

हयग्रीव म्हणजे शिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरं आणि तूप. घोड्याचं मुख असलेल्या देवाचा तो नैवेद्य. त्या घरात त्याहून पवित्र घास नाही.

"सशाला सोसेल ना हो?" अनुसूयाबाईंनी विचारलं.

"घोडा काय मांडे खातो? तोही गवतच खातो की! घोड्याच्या देवाला चालतं ते सशाला स्वल्प चालणार नाही? सरी, ठीक आहे, घाल तू," असं म्हणून हयवदनराव हसले. त्यांच्या नावाचा अर्थही घोड्याच्या तोंडाचा असाच आहे, म्हणून त्यांना गंमत वाटली.

मी वाटीपासून तोंड फिरवलं. "गाढवाला गुळाची चव काय!" म्हणत त्यांनी माझा कान ओढला. मल्लिगे मात्र खाई. प्रेमाच्या हातून आलेलं ती काहीही खाई.

आधी तिचं पोट फुगलं. मग ती दात करकर वाजवू लागली. फार दुखलं की ससा तसं करतो. तुम्हांला काही बाधलं तर तुम्ही ओकून मोकळे होता, आम्हांला ओकता येत नाही. आत गेलेलं पुढंच जायला हवं, आणि तिच्या पोटातलं जातं बंद पडलं होतं. तोंडात जायला हव्या होत्या त्या मऊ लेंड्या तिच्या मागे चिकटून वाळत होत्या. ती पुन्हा पुन्हा मान वळवायला जाई नि पुठ्ठ्यावर हनुवटी आपटे. मी अंगाला अंग लावून बसून राहिलो. प्रेमा तिला ओच्यात घेऊन आणखी तूप घातलेले घास भरवत होती, शक्ती यावी म्हणून. त्या ओच्यातच माझी बहीण गेली.

अनुसूयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आधीच पोटात घाण गेली होती गं तिच्या. आपल्याला कळायला उशीर झाला."

प्रेमाला ते पटलं. न पटून काय करते बिचारी? ती रडत रडत माझ्याकडे आली आणि माझी पट्टी तिनं आणखी आवळली. गाठ मानेमागे घेतली, माझा पंजा पोचणार नाही अशी. "मुद्दू, तुला मी नाही हं मरू देणार," ती म्हणाली. तेव्हापासून माझे घास वाढले. मी तोंड मिटलं तर ती बोटानं ओठ उघडते.

आता माझं पोट फुगलं आहे.

मित्रांनो, प्रयोगशाळेत माझ्यावर माया करणारं कुणी नव्हतं, इथं घरभर माया आहे, आणि मरण इथंच आलं. तुम्ही कुणाला पाळाल तेव्हा त्याला तुमच्या ताटातलं पवित्र भरवू नका. तो आपलं आपण काय खातो ते आधी नीट पाहा, किळस आली तरी पाहा. आणि तुमच्यापैकी कुणी चामराजपेटेत राहत असेल तर मूठभर गवत घेऊन धावत या. प्रेमा वाटी घेऊन निघालीच आहे. तिला रागावू नका, फक्त ही गाठ सोडायला सांगा. मला ते सांगता येत नाही. मी कळवळून दात वाजवतो, आणि तिला वाटतं, मुद्दू मिटक्या मारतोय.