धुळाला पाय पसरायला जागा न्हाई

मिरजेतनं छोटी गाडी धरली, कवठे महांकाळला उतरलो आन् तिथनं दोन कोस चालत निघालो. पाय उचलत नव्हतं. इराणातनं येऊन वरीस झालं, तरी धुळाच्या आईकडं जायाचं मी टाळत आलो व्हतो.

मी उंब्रजचा मराठा, धुळा हिकडचा धनगर. पलटणीत एकाच लॉरीवर आमी दोघं. लढाईचा माल डोंगरातनं रशियावाल्यांना पोचवायचा.

त्या मुलखात मेल्याल्यांची घरं जित्यांच्यापरास मोठी. कुठं दगडी पायऱ्यांवर एकच खोली, कवाच्या काळातल्या राजाची. कुठं विटांचा उंच बुरूज, वर टोकदार टोपी. कुठं निळा घुमट, आत पीर निजल्याला.

धुळा म्हणायचा, "नाथा, हितंच मरावं रं गड्या. बंगला मिळतूय."

"गप की! तुला घोंगडं मिळालं तरी लय."

त्रेचाळीसच्या थंडीत घाटात लॉरी बर्फात रुतली आन् धुळाला ताप भरला. वाटेवर एक पडका पीर व्हता. तिथल्या म्हाताऱ्या मुजावरानं आमाला आत घेतलं, शेगडी दिली. तिसऱ्या दिशी धुळा गेला.

जाळायला काटकी न्हाई, डोंगर सगळा बोडका. मुजावरानं घुमटाच्या भितीला लागून जागा दावली, फावडं दिलं. जात इचारली न्हाई. बर्फ फोडला तर दोन्ही अंगाला खडक. खड्डा खाली गेला, पर लांबला न्हाई. धुळा सहा फुटी गडी. शेवटाला मांडी घालून बसता ठिवला आन् माती लोटली. आमच्यात जाळत्यात, न्हाईतर सरळ निजवत्यात. गड्याला पाय पसरायला जागा दिली न्हाई, ह्येच मला खात व्हतं.

धुळाची आई हरणाबाई दारात लोकर कातत बसली व्हती. धुळा गेल्याचं पलटणीचं पत्र तिला कवाच आलं व्हतं. म्या नाव सांगितलं. तिची चाती थांबली.

"जाळला?"

"न्हाई आये. लाकूड नव्हतं."

"मग?"

"पिराशेजारी पुरला."

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "निजवला का बसवला?"

वाटंत खोटं जुळवून आणलं व्हतं, त्ये तोंडातनं निघंना.

"बसवला, आये. खडक व्हता. लय खणलं, पर..."

"मांडी घालून?"

"व्हय."

म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

"आमच्यात बसवत्यातच, लेकरा. त्याचा बा बसल्याला हाय, आज्जा बसल्याला हाय. मला वाटलं, परमुलखात कुणाला ठावं असणार? तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई."

"आन् दिवा?"

"मुजावर पिराला लावतूय. उजेड पडतूय की त्याच्यावर."

"बरं झालं," म्हणली आन् उठली. ताक दिलं, भाकरी दिली, भुईवर घोंगडं हातरलं. दिस आजून वर व्हता. म्या बुटं काढली, पाय पसरलं आन् आडवा झालो.