बकुळताईंचा लिहिण्याचा नेम

“विषय आला की फार विचार करायचा नाही, आई. सुचेल ते लिहायचं. पण रोज, हं.”

रुचाने फोनवर हे सांगितलं तेव्हा बकुळताई वाती वळत होत्या. लेक मुंबईत पटकथा लिहिणारी, आणि वर्ष होत आलं तरी तिच्या हातून एक पान उतरलं नव्हतं. कवींचा आणि पटकथाकारांचा फोनवर एक ग्रूप होता. पहाटे विषय यायचा, दिवसभरात ज्याने त्याने त्यावर काही लिहून टाकायचं. “तू लिहिलंस तर मीही लिहीन. तू चुकलीस की मी सुटले,” रुचा हसत म्हणाली होती. ते हसणं बकुळताईंना काही बरं वाटलं नाही.

दुसरी कोणी नुसतं ‘बरं’ म्हणाली असती. पण कुठलीही गोष्ट रोज करायची म्हणजे बकुळताईंना एकच रीत ठाऊक. आषाढी एकादशीला त्या मंगला गौरीच्या देवळात गेल्या आणि तळहातावर पाणी घेऊन संकल्प करायला बसल्या: चातुर्मासभर त्या दिवसाचा विषय लिहून झाल्याशिवाय अन्न घेणार नाही. तिथल्या देवव्रत गुरुजींनी आजवर त्यांच्या लाख वातींचा, केळीच्या पानाचा, जेवताना न बोलण्याचा असे सगळे संकल्प सांगितले होते. यंदा मात्र ते अडखळले. “नित्यविषयलेखन म्हणू या, ताई. देवीला कळेल.”

मग काय, फोन ओल्या फडक्याने पुसून पाटावर, आणि बकुळताई सोवळ्यात त्याच्यासमोर. कविता लिहायला घेतली की शेवटी आपोआप फलश्रुती यायची. ‘तुटलेली चप्पल’ हा विषय होता, तेव्हा ही कविता नित्य वाचणाऱ्याच्या टाचा कधी दुखणार नाहीत असं त्या लिहून बसल्या. ‘दोन वैरी लिफ्टमध्ये अडकतात’ या प्रसंगात त्यांच्या वैऱ्यांनी एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि एकाने दुसऱ्याला पेढा दिला. ग्रूपवरच्या एका कवीने विचारलं, हे उपरोधाने लिहिता का?

“हो म्हणून टाक,” त्यांचे यजमान विश्वेशराव म्हणाले. रेल्वेच्या कचेरीतून रिटायर झाल्यापासून त्यांना सल्ला द्यायला घरात एकच माणूस उरलं होतं. “इज्जत वाढेल.”

बकुळताईंनी ‘नाही, मनापासून’ असं कळवलं. पण त्यांच्या मागोमाग रोज रुचाचंही येऊ लागलं होतं. आधी चार ओळी, मग अर्धं पान, परवा तर दोन पानं. त्यापुढे इज्जत गेली तरी चालणार होती.

अडतिसाव्या दिवशी, ऐन श्रावणात, विषय आला: ‘एक पात्र जिवाभावाच्या माणसाशी खोटं बोलतं. तो प्रसंग लिहा.’

बारा वाजले. कढी निवली. फोनवर अक्षर नाही.

“अगं, खोटं पात्र बोलतंय. तू कुठे बोलत्येस?” विश्वेशराव म्हणाले.

“हात माझाच ना.”

“मग थोडी साबुदाण्याची खिचडी खा. पित्त होईल.”

“अन्नच ते.”

“ह्या विषय पाठवणाऱ्यांना एकदा घरी जेवायलाच बोलाव. बघू दे त्यांना, काय हाल चाललेत ते.”

शेवटी त्यांनी देवव्रत गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, “रामलीलेत रावण होतो त्याला पाप लागतं का, ताई? लिहा बिनधास्त. आणि लिंबू-पाणी घ्या.”

परवानगी मिळाली, तर आता खोटंच सुचेना. एकोणसाठ वर्षांत एक खोटं सापडू नये, याचा त्यांना जरा अभिमानही वाटला. तो देवघरात उदबत्ती लावायला जाईपर्यंत टिकला.

देवांशेजारी रुचाची पहिली पटकथा होती. गेल्या दिवाळीत लेकीने छापून, बांधून पाठवलेली. बकुळताईंनी तिला हळदकुंकू वाहिलं होतं, दर शुक्रवारी फूलही वाहत होत्या. वाचली मात्र नव्हती. पहिल्याच पानावर एकाने दुसऱ्याला शिवी दिली, तिथे त्यांनी ती मिटली ती मिटलीच. रुचाने फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “फार छान गं. शेवट तर किती गोड.” त्यानंतर रुचाने घरी काही पाठवलं नाही.

दुसऱ्या कोणाचं खोटं आता लिहिता येईना. आणि हे लिहावं, तर रुचा वाचणार. दुखावून तिने पुन्हा लिहायचं सोडलं तर? न लिहावं, तर ती आपोआप सुटलीच. बकुळताई बसल्या आणि त्यांनी आई, फोन, हळदकुंकू, सगळं जसंच्या तसं लिहून काढलं. फलश्रुती सुचली नाही. पावणेपाचला पाठवलं. आता जेवायला हरकत नव्हती, पण त्या फोनसमोरच बसून राहिल्या.

फोन वाजला.

“वाचलं,” रुचा म्हणाली.

“हं.”

“मला तेव्हाच कळलं होतं, आई. शेवटी सगळे बुडून मरतात गं.”

“सगळे?”

“कुत्रासुद्धा.”

बकुळताईंनी देवांशेजारच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“मला वाटलं, इतकं वाईट झालंय की तुझ्याच्याने पुढे वाचवलं नाही.”

“नाही गं. पहिल्याच पानावर शिवी होती. आणि मी तर स्नान करून बसले होते.”

पलीकडून हसू आलं. यावेळचं बरं होतं.

“मग आता वाच. शिव्यांसकट. आणि खरं सांग.”

“सांगते.”

“नाही आवडलं तर?”

“तर तसं सांगीन.”

“चल, ठेवते. माझं आजचं लिहायचं राहिलंय.”

बकुळताईंनी दोन घास कढीभात खाल्ला, हात धुतले आणि देवांशेजारून तो गठ्ठा खाली घेतला. कुंकवाने वरची पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती हलक्या हाताने सोडवली.

“दिवे लागायची वेळ झाली. आरती?” विश्वेशरावांनी विचारलं.

“आज तुम्ही करा.”

चष्मा लावून त्या खिडकीशी बसल्या, शिवी वाचली, आणि पान उलटलं.